पावसाळ्यात वाळेल तो लंगोट: कोकणातल्या घरासाठी डायपरची निवड

बाळाचा डायपर किती तास टिकतो ते दुकानदार सांगतो, आणि किती मऊ आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. कोकणात राहणाऱ्यांनी त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. कापडी असेल तर जुलैमध्ये वाळेल का? आणि फेकायचा असेल तर फेकल्यावर कुठे जाईल? निवडीतलं बाकी सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवेतच इतका ओलावा असतो की जाड, सहा पदरी पॅड तीन-तीन दिवस दोरीवर राहूनही आतून दमट लागतं. मे महिन्यात हौसेने महागातले कापडी डायपर घ्यायचे, आषाढात ते वाळेनात म्हणून माळ्यावर टाकायचे आणि फेकायच्या डायपरचं पाकीट आणायचं, असं बऱ्याच घरांत होतं. पैसे दोनदा जातात आणि कचरा व्हायचा तो होतोच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावागणिक बदलतं. शहरात घंटागाडी येते. बहुतेक वाड्यांवर ती पोचत नाही. तिथे वापरलेला डायपर परसात जाळतात, खड्ड्यात पुरतात किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात टाकतात, आणि तिन्हींत नुकसान आहे.

पाकिटावरच्या शब्दांचा अर्थ

फेकायच्या डायपरचं बाहेरचं आवरण पॉलिथिलीनचं असतं, बाळाच्या अंगाला लागणारा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. मध्ये लाकडाचा लगदा आणि त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक दाणे. लघवी धरून ठेवतात ते हेच दाणे. फुगून त्यांची जेल होते. 'कापसासारखा मऊ' याचा अर्थ आत कापूस आहे असा नाही.

'बांबू डायपर' म्हटलेल्या मालात बऱ्याचदा फक्त अंगाला लागणारा थर बांबूच्या व्हिस्कोसचा, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचा असतो. दाणे तेच, कडेचं इलॅस्टिक तेच, गोंद तोच. 'कंपोस्ट होणारा' असं लिहिलं असेल तर कशाच्या आधारावर ते पाहा. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. पण त्याची कसोटी कारखान्यासारख्या मोठ्या कंपोस्ट ढिगाची असते, जिथे उष्णता ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहते. घरामागच्या गांडूळखताच्या खड्ड्यात ती कधीच येत नाही. त्यामुळे जवळपास असा प्रकल्प नसेल तर वाडीत पुरलेला 'पर्यावरणस्नेही' डायपर आणि साधा डायपर यांत फारसा फरक उरत नाही.

कापडी डायपर मात्र आपोआप हिरवा होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला. कार्बन डायऑक्साइडच्या मापात फेकायचे डायपर सुमारे ५५० किलोचे निघाले आणि कापडी सुमारे ५७० किलोचे. कारण गरम पाण्याची धुलाई आणि विजेचा ड्रायर. तेच कापड पूर्ण भरलेल्या मशीनमध्ये धुतलं, दोरीवर वाळवलं आणि पाठच्या भावंडालाही वापरलं, तर कापडाच्या बाजूचे जवळपास २०० किलो कमी होतात. तिथल्याच २०२३ च्या नव्या अभ्यासात कार्बनच्या हिशेबात कापडी डायपर सुमारे २५ टक्के हलके ठरले. आपल्याकडे बहुतेक घरांत दोरी आहे आणि ड्रायर नाही, म्हणून अर्धं काम आधीच झालेलं आहे. ते पावसाळ्यात बिघडू नये एवढीच काळजी.

सपाट कापड आणि वर कव्हर

बाजारात कापडी डायपरचे चार प्रकार मिळतात. 'ऑल-इन-वन'मध्ये शोषणारं पॅड कव्हरलाच शिवलेलं असतं; घालायला सगळ्यात सोपा, वाळायला सगळ्यात वाईट. पॉकेट डायपरच्या खिशातून पॅड बाहेर निघतं, म्हणून तो त्यापेक्षा लवकर वाळतो. प्रीफोल्ड म्हणजे मधोमध जास्त पदर शिवलेलं आयताकृती कापड. आणि चौथा प्रकार आपल्या घरातलाच, एकपदरी सुती चौकोन, म्हणजे बाळोतं. घडी घातली की जाड, उलगडलं की पातळ. पंख्याखाली ते भर पावसातही रात्रभरात वाळतं. कोकणासाठी आमची पहिली निवड हीच: सुती चौकोन आणि त्यावर जलरोधक कव्हर. पॉकेट डायपर बाहेर जाताना दोन-चार असावेत. ऑल-इन-वन घेऊच नका.

जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या सुती साडीसारखं कापड विकत मिळत नाही. तिची खळ केव्हाच गेलेली असते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून पाणी शोषते. मात्र साडी खरंच सुती आहे का ते पाहा. पदराच्या कडेचा एक धागा काढून बाळापासून दूर चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो. पॉलिएस्टरचा वितळून टणक मणी होतो. मणी झाला तर ती साडी पायपुसण्याला ठेवा.

साडे-पाच मीटर लांब आणि साधारण ११५ सेंटिमीटर पन्ह्याच्या साडीतून ७० सेंटिमीटरचे ७ चौकोन निघतात, आणि बाजूला ४५ सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी उरते. त्या पट्टीचे ४५ सेंटिमीटरचे १२ तुकडे करा. तिहेरी घडी घातली की तो १५ बाय ४५ चा जादा पॅड होतो. नऊवारी मिळाली तर चौकोन ११ होतात. कडा एकेरी दुमडून शिवा. जाड दुहेरी शिवण बाळाला टोचते आणि ओलावाही तिथेच अडतो. जर आणि कडक काठ आधी कापून टाका.

नवं मलमल किंवा पंचा घेतला तर रात्रभर पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा धुवा, असं पाच वेळा. त्यानंतर कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा वर राहिला तर कापड अजून तयार नाही. लगेच मुरला तर तयार.

कव्हर पीयूएलचं घ्या, म्हणजे पॉलिएस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं. हेही प्लास्टिकच आहे, पण वर्षानुवर्षं टिकतं. जुन्या पद्धतीच्या रबरी चड्डीत किंवा मेणकापडात हवा जात नाही आणि कोकणातल्या घामात पुरळ उठतं. मेणकापड अंथरुणावरच ठेवा. कव्हर निवडताना मांडीपाशी दुहेरी इलॅस्टिक आहे का ते पाहा. पुढची बटणं वेल्क्रोपेक्षा जास्त टिकतात, कारण वेल्क्रोत धागे अडकतात आणि धुताना तो शेजारच्या कपड्यांना ओरबाडतो.

मायक्रोफायबरचं पॅड स्वस्त असतं आणि लवकर वाळतं. पण ते थेट अंगाला लावू नका, कातडीतला ओलावाही ओढून घेतं. दाबलं की लघवी परत सोडतं, म्हणून बाळाला कडेवर घेतल्यावर गळतं.

किती लागतील? नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ वेळा बदलावं लागतं, सहा महिन्यांनंतर ६ ते ८ वेळा. उन्हाळ्या-हिवाळ्यात दोन दिवसांचा साठा पुरतो, म्हणजे २४ चौकोन. पावसाळ्यात बाळ येणार असेल तर तीन दिवसांचा धरा, ३६ चौकोन. सहा साड्या झाल्या. घरातल्या आजी, मावशी, आत्या यांच्याकडे तेवढ्या निघतात. त्यासोबत १२ जादा पॅड आणि ४ कव्हरं, पावसाळ्यात ६. कव्हर फक्त ओलं झालं असेल तर पुसून आलटून-पालटून पुन्हा वापरता येतं. शी लागली की धुवायलाच हवं.

घडी आणि बसवणं

चौकोनाची दोनदा निम्मी घडी घाला. ३५ बाय ३५ चा चौपदरी तुकडा होईल. त्याची तिहेरी घडी घाला की १२ सेंटिमीटर रुंद, १२ पदरी पट्टी तयार. ती कव्हरमध्ये ठेवा. जादा पॅड घालायचा असेल तर त्याची वाढीव १० सेंटिमीटर मुलग्यासाठी पुढच्या बाजूला दुमडा, मुलीसाठी मध्यावर. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते, म्हणून पाठीकडची घडी थोडी उलगडून रुंद करा. नाळ गळेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली ठेवा.

कव्हरचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसायला हवं. कमरेत दोन बोटं सहज जावीत. शेवटी कडेने बोट फिरवून पाहा: सुती कापडाचा एक कोपरा जरी बाहेर डोकावत असेल तरी लघवी त्यावाटे झिरपून झबल्यापर्यंत जाते. गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. आणि लंगोट बांधताना पाय सरळ ताणून आवळू नका. गुडघे दोन्हीकडे मोकळे पडले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याच्या वाढीवर ताण येतो.

डायपर कमी लागावेत म्हणून आणखी एक गोष्ट आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. झोपून उठल्यावर आणि दूध प्यायल्यावर थोड्या वेळाने मान नीट सांभाळून बाळाला पायांवर धरायचं आणि 'शूऽऽ' करायचं. दिवसातून दोनदा जमलं तरी दोन बाळोती कमी धुवावी लागतात. झालं नाही तर ताटकळत ठेवू नका.

धुणं

शी आधी संडासात, मग कापड धुण्यात. शी लागलेलं पाणी मोरीतून परसात सोडू नका. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो. वर ओतलेलं पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरतं आणि विहीर उताराला असेल तर तिच्यात जातं. बाळोत्यांचं पाणी सोडायची जागा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी. शेजाऱ्याची विहीरही यात धरा. फक्त लघवीच्या कापडाचं साबणाविना खंगाळलेलं पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात चालतं.

लघवीचं कापड साठवून ठेवू नका. ओल्या कापडातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. तोच तो डोळ्यांत जाणारा वास आणि बाळाच्या कातडीची आग. रात्रीचं कापड सकाळी लगेच साध्या पाण्यातून काढा. मग दिवसभराची सगळी एकत्र धुवा: एकदा गार पाण्यात खंगाळणं, एकदा साबणाच्या पाण्यात चोळणं, नंतर फेस जाईपर्यंत दोनदा खंगाळणं. हाताने धुतलं तर साधारण चार बादल्या लागतात. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की शेवटच्या खंगाळण्याचं पाणी बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खंगाळण्याला वापरा.

खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यात साबणाच्या वडीचा फेस होत नाही, उलट साबणाची साय कापडात बसते, कापड कडक होतं आणि शोषेनासं होतं. अशा पाण्यात वडीऐवजी बिनवासाची धुण्याची पावडर वापरा आणि शेवटचं खंगाळणं गोड्या पाण्यात करा. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी याला उत्तम. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, मग भरा.

फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो धाग्यावर थर चढवतो. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालायची सवय अनेक घरांत आहे. त्याचा अंश कापडात राहून नाजूक कातडी लाल होते, आणि नीट धुतलेल्या कापडाला त्याची गरजही नसते. नुसत्या रिठ्याने शीचा चिकटपणा निघत नाही. सुती कापड आठवड्यातून एकदा दहा मिनिटं उकळा. त्यासाठी वेगळा गॅस जाळण्यापेक्षा न्हाणीघरातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापल्यावर त्याच विस्तवावर ते होतं. कव्हर मात्र कधीही उकळू नका, पिळू नका. आतला थर सुटतो आणि मग ते गाळणी बनतं.

वाळवणं

उन्हाळ्या-हिवाळ्यात कापड कडक उन्हात, कव्हर सावलीत. डाग उन्हानेच जातात. ओलं असतानाच उन्हात टाका. शीचा पिवळा डाग दोन-तीन उन्हांत फिका पडतो.

पावसाळ्यात पडवीत दोन दोऱ्या बांधा, एकमेकींपासून हातभर लांब. कापड दोरीवर मधोमध टाकू नका. तसं केलं की दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू वाळत नाही. एका कडेला दोन चिमटे लावून पूर्ण उलगडून लोंबकळू द्या, दोन कापडांत चार बोटांचं अंतर ठेवा. वाऱ्याची बाजू झडीची असेल तर पडवीऐवजी ओटीवर, पंख्याखाली. वॉशिंग मशीन असेल तर ते धुण्यापेक्षा पिळण्यासाठी जास्त उपयोगी आहे. एकदा जोरात फिरवून निघालेलं कापड दोरीवर अर्ध्याहून कमी वेळ घेतं.

शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची कापडं वाळवायची जुनी पद्धत अजून चालते, सुती कापडासाठी चांगलीही आहे. पण निखारे चांगले फुललेले, धूर नसलेले हवेत, आणि शेगडी बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. कव्हर त्या टोपलीवर टाकूच नका. वीज असेल तेव्हा जेमतेम ओलसर उरलेल्या कापडावर इस्त्री फिरवा. राहिलेला ओलावा निघून जातो.

कापड वाळलं की नाही ते बोटांनी कळत नाही, गार कापड ओलं वाटतं आणि ओलं कापड नुसतं गार वाटतं. गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, आणि शिवण चिमटीत दाबून पाहा. ओलावा शेवटी शिवणीतच राहतो. दमट कापडांची थप्पी लावली तर दोन दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. ठिपके धुऊन जात नाहीत, ते कापड बाजूला काढा.

तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. ते पाळा. सूर्य कलला की हवेतला ओलावा वाढतो, आणि किनाऱ्यालगत कापडावर बसलेलं खाऱ्या वाऱ्याचं मीठ तो ओलावा ओढून घेतं; पाचला वाळलेलं कापड आठला पुन्हा चिकट लागतं. घरात घेताना प्रत्येक कापड दोन्ही बाजूंनी झटका. लाल मुंग्या आणि सुरवंटाची कुसळं पावसाळ्यात कापडात हमखास येतात.

पुरळ आणि गळती

दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच. दिवसातून काही वेळ बाळाला नुसत्या दुपट्यावर मोकळं ठेवा. झिंकचं मलम लावलं तर ते कापडाला चिकटून शोषण बिघडवतं, म्हणून वर साडीचाच एक पातळ तुकडा घाला आणि तो वेगळा धुवा. टाल्कम पावडर नको, तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि कडेने सुटे लाल ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते; डॉक्टरांना दाखवा, आणि तेवढे दिवस बाळोती रोज उकळा.

आधी न गळणारा डायपर अचानक गळू लागला तर थेंबाची चाचणी पुन्हा करा. थेंब वर राहिला तर साबण साचला आहे. पावडर न घालता गरम पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या, फेस यायचा थांबेपर्यंत.

फेकायचा डायपर लागलाच तर

रात्री एक आणि प्रवासात दोन-तीन, असा वापर ठेवला तरी मोठा फरक पडतो. दिवसाला सहा लागणारं बाळ रात्रीपुरतं एकावर आलं तर वर्षाचे २,१९० डायपर ३६५ होतात. एक दहा रुपयांना धरला तर १८,००० रुपयांहून जास्त वाचतात. घेताना बिनवासाचा आणि लगदा क्लोरिनविना शुभ्र केलेला घ्या. वजनाच्या मापापेक्षा एक माप मोठा घेऊ नका. सैल डायपर गळतो आणि निम्मा कोरा असताना फेकला जातो.

शी संडासात झटका, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळा, कागदात बांधा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी गुंडाळायची पिशवी पाकिटासोबत द्यायला उत्पादकांना सांगितलं. पाकिटात ती शोधा. नंतर ओल्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीत वेगळा द्या. संडासात टाकला तर तो फुगून पाइप तुंबवतो. जाळू नका, ओला डायपर पेटतच नाही, नुसता धुमसतो आणि प्लास्टिकचा धूर अंगणात राहतो. पऱ्ह्यात, व्हाळात टाकलेला पहिल्या मोठ्या पावसात खाडीत आणि तिथून किनाऱ्यावर जातो. वेळास, आंजर्ल्यासारख्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्याही अंगाला हा कचरा लागतो.

गणपतीला मुंबईहून बाळ घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांनी हे आधीच ठरवून यावं. वाडीत घंटागाडी नसेल तर आठ-दहा दिवसांचे डायपर यजमानांच्या परसात सोडून जाऊ नका. घरात असताना बाळोती, गाडीत डायपर. आणि वापरलेले घट्ट तोंडाच्या पिशवीत बांधून परत न्या, जिथे कचरा उचलला जातो तिथे टाका. भाद्रपदात पाऊस असतोच, म्हणून सोबत दोनऐवजी तीन दिवसांची कापडं घ्या.

बाळाचे डायपर सुटले की सगळी कापडं उकळून, एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवून सुती पिशवीत बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत आत अडकलेला ओलावा जुलैत बुरशी आणतो. कव्हरांची बटणं उघडी ठेवा, इलॅस्टिक ताणलेलं राहू देऊ नका. पावसाळा संपल्यावर एकदा पिशवी उघडून वास घ्या आणि पुन्हा ऊन दाखवा. पाठच्या बाळापर्यंत कापड टिकतं. इलॅस्टिक सैल झालं असेल तर तेवढंच शिंप्याकडून बदलून घ्या.